करवाढ की थकबाकी वसुली? पुण्याच्या मिळकतकराचा वाद नेमका कुठे अडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकावरून तुमच्या सोसायटीत तीन तट पडले आहेत. एक म्हणतो, हजारो कोटींची थकबाकी आधी वसूल करा, मग आमच्याकडे या. दुसरा म्हणतो, कर वाढवल्याशिवाय पाणी आणि रस्ते कुठून येणार? तिसऱ्याला मुंबईसारखी ५०० चौरस फुटांपर्यंत माफी हवी आहे. यात बरोबर कोण, आणि सोसायटीतर्फे हरकत घ्यायची तर कुठे, कधी, कशी, हे तुम्ही विचारलंय.

तिन्ही तट वाद घालताहेत तो कराच्या दरावर. इतकी वर्षं लोकांची बिलं आणि पालिकेची अंदाजपत्रकं तपासताना मला दिसत आलंय ते वेगळं आहे. एखाद्याचं बिल अन्यायाचं असेल तर त्याचं मूळ बहुतेक वेळा करपात्र रकमेत सापडतं, म्हणजे त्या घराचं वार्षिक भाडं पालिकेने किती धरलंय त्यात. आणि अंदाजपत्रक कोलमडतं तेव्हा त्याचं कारण जमेच्या बाजूला सापडतं: आकडा फुगवलेला असतो आणि त्याच्या भरवशावर कामं मंजूर झालेली असतात. दर या दोन्हींनंतर येतो. म्हणून आधी बिल घेऊ, मग थकबाकी आणि अंदाजपत्रक, शेवटी हरकत.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमचं घर जुन्या हद्दीत आहे की समाविष्ट गावात, तिथे तुम्ही स्वतः राहता की भाडेकरू आहे, आणि आकारणी कोणत्या वर्षी झाली, यावर उत्तर बदलतं. खालचा हिशेब जुन्या हद्दीतल्या, स्वतः राहत असलेल्या सदनिकेचा आहे आणि दर उदाहरणादाखल धरलेले आहेत. तुमच्या बिलावरचे आकडे तिथे घालून पाहा.

पुण्यात घराचा कर अजून भाडेमूल्यावर ठरतो. (मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत घेतली.) समजा सदनिका ६०० चौरस फुटांची आहे आणि पालिकेने चौरस फुटाला महिना ४ रुपये भाडं धरलंय. वर्षाचे झाले २८,८०० रुपये. त्यातून दुरुस्ती-देखभालीचे १० टक्के वजा केले की २५,९२० उरतात. मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्क्यांची सवलत मिळते, म्हणजे १५,५५२. ही करपात्र रक्कम. तिच्यावर सर्वसाधारण कर, सफाई, जललाभ, अग्निशामक, वृक्ष, पथ, शिक्षण असे एकेक कर टक्केवारीने बसतात. त्यांची बेरीज ५० टक्के धरली तर बिल ७,७७६ रुपयांचं. यातला राज्य शासनाचा शिक्षण कर पालिका फक्त गोळा करते, तो पुढे सरकारला भरावा लागतो. दुकान-ऑफिसच्या बिलात असतो तो रोजगार हमी करही तसाच. त्यामुळे बिलाची सगळी रक्कम पालिकेच्या तिजोरीत राहते असं समजू नका.

आता याच घराला ४० टक्क्यांची सवलत लागलेलीच नाही असं धरा. बिल होतं १२,९६० रुपये. फरक ५,१८४ रुपयांचा. उलट, सगळ्या बिलावर ११ टक्के करवाढ झाली तर ७,७७६ वर जास्तीचे पडतात ८५५ रुपये. जिच्यावर महिनाभर सभा गाजतात त्या करवाढीच्या सहापट रक्कम बिलातल्या एका ओळीत अडकलेली असू शकते. सोसायटीत पहिलं काम म्हणून प्रत्येकाच्या बिलावर ही सवलत लागली आहे का, ते बघा.

ही सवलत का सुटते, यामागे इतिहास आहे. ती १९७० पासून चालत आली. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, कारण कायद्यात दुरुस्तीसाठी १० टक्केच वजावट असताना पुण्यात १५ टक्के दिली जात होती, आणि ४० टक्क्यांना कायद्याचा आधार दाखवता येत नव्हता. २०१९ मध्ये राज्य सरकारने ती थांबवली. त्यानंतर आकारणी झालेल्या घरांना पूर्ण दराने बिलं गेली, आणि ज्यांची घरं सर्वेक्षणात भाड्याने दिलेली दिसली त्यांचीही सवलत काढली गेली. २०२३ मध्ये सरकारने सवलत पुन्हा लागू केली, देखभालीची वजावट मात्र १० टक्क्यांवर आली. पण २०१९ नंतरच्या घरांना आणि सवलत काढलेल्यांना ती आपोआप परत मिळाली नाही, त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागला. कित्येकांनी तो भरलाच नाही, आणि दरवर्षी चढं बिल मुकाट्याने भरताहेत. अर्जाला स्वतः राहत असल्याचा सोसायटीचा दाखला, आणि मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, गॅसकार्ड, रेशनकार्ड यांपैकी त्याच पत्त्याचा पुरावा लागतो. पुण्यात दुसरं घर असेल तर त्याचं बिलही जोडावं लागतं, कारण सवलत एकाच घराला आहे. अर्ज बहुधा फेटाळला जातो तो पुराव्यावरचा पत्ता आणि बिलावरचा पत्ता जुळत नाही म्हणून. बिलावर अजून बिल्डरचं नाव असेल तर आधी नावात बदल करून घ्या, मग पीटी-३.

"११ टक्के वाढ" ऐकलं की लगेच विचारा: कशाच्या ११ टक्के? बिलाच्या ११ टक्के असेल तर वर म्हटल्याप्रमाणे ८५५ रुपये. पण करांची बेरीज ५० ची ६१ होणार असेल तर १५,५५२ वर ९,४८७ रुपयांचं बिल होतं, म्हणजे वाढ १,७११ रुपयांची. वर्तमानपत्रातल्या एका ओळीत दोन्ही सारखंच दिसतं. प्रस्तावात कुठला कर किती वरून किती होणार, याचा तक्ता असतो. तो बघितल्याशिवाय बाजू घेऊ नका.

सरसकट टक्केवारीच्या वाढीला माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. पुण्यात घराची आकारणी ज्या वर्षी झाली त्या वर्षीचा भाडेदर त्या घराला चिकटून राहतो. जुन्या भागातल्या ६०० फुटांच्या घराला चौरस फुटाला १ रुपया धरलेला असेल तर त्याच सवलती लावून त्याचं बिल १,९४४ रुपये येतं. नव्या घराचं ७,७७६. तफावत ५,८३२ रुपयांची. दोघांवर ११ टक्के वाढवा: एकाला २१४ रुपये जास्त, दुसऱ्याला ८५५, आणि तफावत ६,४७३ वर जाते. रस्ता तोच, कचऱ्याची गाडी तीच. कायद्यातल्या करविषयक नियमांप्रमाणे आकारणी पुस्तक किमान चार वर्षांतून एकदा नव्याने तयार करायला हवं. तसं नव्याने मूल्यांकन करायचं तर जुन्या पेठांतल्या मतदारांना दुखवावं लागतं, म्हणून ते काम पुढे ढकललं जातं आणि दरवाढीचा सोपा रस्ता धरला जातो. तुमच्या सोसायटीला एकच मागणी करायची असेल तर ती फेरमूल्यांकनाची करा, वाढीवर वर्षाला कमाल मर्यादा घालून. मर्यादा नसेल तर निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या जुन्या घरमालकाचं बिल एका वर्षात चौपट होईल, आणि तेही न्यायाचं नाही.

आता पहिल्या तटाचा मुद्दा, थकबाकीचा. मागणी रास्त आहे, पण जाहीर होणारा आकडा जसाच्या तसा घेऊ नका.

वेळेवर कर न भरल्यास महिना २ टक्के शास्ती (म्हणजे दंड) लागते, वर्षाला २४ टक्के. १ लाखाचं बिल पाच वर्षं पडून राहिलं की शास्तीच १ लाख २० हजार होते. म्हणजे थकबाकीच्या आकड्यात मुद्दलापेक्षा शास्ती जास्त. त्यात अनधिकृत बांधकामाला महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली कराच्या दुप्पट दंड. कर आणि दंड मिळून तिप्पट, म्हणून लोक त्याला तिप्पट कर म्हणतात. ४० हजार कर असलेल्या दुकानाला १ लाख २० हजारांचं बिल जातं, मालक सगळंच भरायचं थांबवतो, आणि त्यावर पुन्हा महिना २ टक्के चढत राहतात. पिंपरी-चिंचवडमध्ये याच कारणाने मूळ करही वर्षानुवर्षं तुंबला होता. शेवटी २०२३ मध्ये सरकारने तिथल्या अनधिकृत बांधकामांची ही शास्ती माफ केली.

मोबाईल टॉवरचीही अशीच गत. टॉवरवर मिळकतकर लावता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये स्पष्ट केलं, पण आकारणी कुठल्या दराने आणि दंडासह की दंडाविना, यावर वाद चालू राहिले. त्या रकमा थकबाकीत दिसतात, हातात येत नाहीत. केंद्र सरकारच्या मिळकतींना संविधानाच्या अनुच्छेद २८५ प्रमाणे कर लागत नाही, फक्त सेवाशुल्क घेता येतं. कुठे चुकून कर लावला गेला असेल तर तोही थकबाकी म्हणूनच दिसतो. आणि दुबार आकारणी हा तर रोजचा प्रकार आहे: बिल्डरच्या नावावर मोकळ्या जागेची आकारणी चालूच राहते आणि त्याच जागेवरच्या सदनिकांनाही वेगळी बिलं जातात. पहिलं खातं कुणी बंद करत नाही, त्यावर शास्ती वाढत जाते.

म्हणून "थकबाकी इतकी असताना करवाढ कशाला" असं मोघम म्हणण्याऐवजी मागणी, वसुली आणि शिल्लक यांचा तक्ता मागा, आणि तो फोडून मागा: मुद्दल किती, शास्ती किती, न्यायप्रविष्ट किती, सरकारी मिळकती किती, टॉवर किती, दुबार किती. हे सगळं वजा करून उरतं ते खरं वसूल होण्याजोगं मुद्दल. त्यातही चालू वर्षाच्या मागणीपैकी वसुली किती टक्के झाली, हा आकडा मी सगळ्यात आधी बघतो. जुनी थकबाकी गाजते, पण पालिकेची कार्यक्षमता चालू मागणीच्या वसुलीत दिसते. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, त्यामुळे डिसेंबरात अर्ज टाकला तर अंदाजपत्रकाच्या चर्चेपर्यंत कागद हातात येतो.

शास्तीत सूट देऊन थकबाकी भरून घेणाऱ्या अभय योजनेबद्दल तुमच्यातल्या काहींनी राग व्यक्त केलाय. तो मला पटतो. एकदा शास्ती माफ करून मुद्दल आणलं तर हिशेब म्हणून ते फायद्याचं ठरू शकतं. पण पुण्यात २०२० पासून अशा योजना पुन्हा पुन्हा आल्या, आणि त्यातून मोठे थकबाकीदार पुढच्या योजनेची वाट बघायला शिकतात. योजना आणायचीच असेल तर ती निवासी आणि लहान रकमांपुरती ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या तटाचं म्हणणं तपासायला अंदाजपत्रकच उघडावं लागतं. २०२३-२४ चं अंदाजपत्रक ९,५१५ कोटींचं होतं, २०२४-२५ चं ११,६०१ कोटींचं, २०२५-२६ चं १२,६१८ कोटींचं. एका वर्षात २१ टक्क्यांहून मोठी उडी मारली गेली, तीही मिळकतकराचा दर न वाढवता. म्हणजे अंदाजपत्रकाचा आकार दरावर ठरत नाही. तो जमेच्या अंदाजावर ठरतो.

जकात होती तोवर रोज रोख पैसा येत असे. पुण्यात १ एप्रिल २०१३ ला जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. त्याच्या नुकसानभरपाईचं अनुदान राज्याकडून येतं, ते कायद्याप्रमाणे वर्षाला ८ टक्क्यांनी वाढतं. बांधकाम परवान्याचं शुल्क बांधकामाच्या तेजी-मंदीवर हलतं. जिचा दर पालिका स्वतः ठरवते अशी मोठी बाब उरली ती मिळकतकराची. म्हणून दरवर्षी सगळी चर्चा तिच्यावर येऊन थांबते. खर्चाच्या बाजूला पगार, वीज, देखभाल आहेच. शहर बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलची तूट आहे, ती पुणे ६० आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के अशी वाटून घेतात. २०१७ मध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी घेतलेले २०० कोटींचे १० वर्षं मुदतीचे कर्जरोखे आहेत, त्यांचं व्याज आणि परतफेड चुकवता येत नाही. हे बांधील खर्च गेल्यावर उरतं त्यात नवी कामं.

अंदाजपत्रकाचं पुस्तक जाड असतं, पण त्यातली मोजकी पानं पुरतात. जमा बाजूच्या प्रत्येक शीर्षापुढे (म्हणजे उत्पन्नाच्या बाबीपुढे) मागच्या वर्षाची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा मूळ आणि सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. प्रत्यक्ष जमा आणि पुढचा अंदाज शेजारी ठेवा. दोन वर्षांत जिथे प्रत्यक्ष जमा फारशी हलली नाही आणि अंदाज मात्र तिपटीने चढवलाय, ते शीर्ष फुगवलेलं आहे. आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीकडे गेलं की तिथे काही शे कोटींची भर पडते, आणि ती भर बहुधा अशाच शीर्षांत दाखवलेली असते. कारण खर्चाच्या बाजूला नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेली, "स" यादीतली कामं बसवायची असतात. वर्ष उलटतं, पैसा येत नाही, मग वर्गीकरण सुरू होतं: एका कामाची तरतूद काढून दुसऱ्याला. जी कामं अशी रिकामी होतात त्यांत नाले, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि मोठे प्रकल्प पुढे असतात, कारण त्यांची निविदा निघायला वेळ लागतो आणि तरतूद पडून दिसते. म्हणून वर्गीकरणाच्या प्रस्तावांची यादी मागा, आणि कलम ७२-ब खाली पुढच्या वर्षांचं किती दायित्व आधीच स्वीकारलंय तेही विचारा. करवाढीचं समर्थन करणाऱ्याला या दोन कागदांचं उत्तर देता आलं पाहिजे.

तिसऱ्या तटाबद्दल थोडक्यातच. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी आहे. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला ४० टक्क्यांची सवलत आधीच आहे, आणि मुंबई पालिकेची आर्थिक ताकद पुण्याकडे नाही. माफीचा भार उरलेल्या घरांवर आणि दुकानांवर येणार. मी ही मागणी करणार नाही.

समाविष्ट गावांतले सभासद असतील तर त्यांची बाजू वेगळी आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली. तिथे ग्रामपंचायतीच्या दरावरून पालिकेच्या दरावर टप्प्याटप्प्याने जायचं असतं. बिलात तो टप्पा बरोबर धरलाय का आणि जुनी ग्रामपंचायत नोंद जोडली आहे का, एवढं तपासा. सुविधा नसताना पूर्ण कर का, हा त्यांचा आक्षेप खरा आहे, पण तो दराच्या हरकतीत मिसळू नका.

आता हरकत. इथे लोक हमखास दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. दर हा धोरणाचा निर्णय आहे, तो सर्वसाधारण सभा घेते. तुमच्या घराची करपात्र रक्कम ही आकारणी आहे, ती कर आकारणी विभाग ठरवतो. दर जास्त आहे म्हणून आकारणी विभागात अर्ज केला तर तो निकालीच निघत नाही.

महापालिका अधिनियमाच्या कलम ९९ प्रमाणे पुढच्या वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. अंदाजपत्रकावरची गाजणारी चर्चा त्यानंतर, मार्चअखेरपर्यंत चालते. त्यामुळे मार्चमध्ये काढलेला मोर्चा दराच्या दृष्टीने उशिराचा असतो. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षं प्रशासकच प्रस्ताव मांडत आणि मंजूर करत. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर तुमच्या प्रभागाला पुन्हा नगरसेवक आहेत, आणि दराच्या ठरावावर हात वर करणारे तेच आहेत. सोसायटीच्या कार्यकारिणीचा ठराव करा, आणि एका पानाचं पत्र जानेवारीतच नगरसचिव कार्यालयात आवक क्रमांक घेऊन द्या. प्रत आयुक्तांना, स्थायी समितीच्या अध्यक्षांना आणि प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना. पत्रात भावना कमी आणि तीन मागण्या: फोड केलेला थकबाकीचा तक्ता, फुगवलेल्या जमाशीर्षांची नावं आकड्यांसह, आणि मर्यादा घालून फेरमूल्यांकन.

स्वतःच्या आकारणीची हरकत वेगळी. वाढीव आकारणीची विशेष नोटीस आली की तिच्यावर हरकतीची मुदत छापलेली असते. ती चुकवू नका. हरकतीत "कर परवडत नाही" असं लिहून उपयोग नाही. क्षेत्रफळ चुकलं (चटईऐवजी बांधीव धरलं), वापर चुकला (घराला बिगरनिवासी), वर्ष चुकलं (भोगवटापत्राच्या आधीपासून कर), शेजारच्या तशाच घराला कमी दर आहे, यांपैकी काय ते लिहा आणि कागद जोडा: मंजूर नकाशा, भोगवटापत्र, करारनाम्यातलं क्षेत्रफळाचं पान, शेजारच्याचं बिल. सुनावणीचा लेखी निर्णय मागून घ्या. तो पटला नाही तर कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येतं, पण ते १५ दिवसांत करावं लागतं आणि मागितलेली रक्कम आधी पालिकेत भरावी लागते. ती भरताना पावतीवर किंवा सोबतच्या पत्रावर "हरकत कायम ठेवून" असं लिहा.

वाद चालू असला तरी बिल अडवून ठेवू नका. निकाल तुमच्या बाजूने लागला तर जास्त भरलेली रक्कम पुढच्या बिलात वळती करून घेता येते. विरुद्ध गेला तर महिना २ टक्क्यांनी चढलेली शास्ती मात्र तुमच्याच खात्यावर पडते.